कथाकथनाचा सराव : चौथा महिना

स्वतः लिहिलेली कथा हातात कागद न धरता सांगायची, या ध्यासाने सुरू केलेल्या सरावाला या आठवड्यात चार महिने पूर्ण झाले. चाळीस वर्षे मी कथा लिहीत आले. परंतु शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाची जी वाट गावोगावी नेली, ती आपणही चालून पाहावी ही इच्छा मात्र इतकी वर्षे मनातच राहिली होती.

सरावासाठी घेतलेली कथा कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहातील एका काल्पनिक, वृद्ध पडदेवाल्याची आहे. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये पूर्ण झालेले हे मूळचे पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, आणि दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या संगीत नट केशवरावांची जयंती होती. लिखित कथेत मी सहा सनावळ्या घातल्या होत्या. वाचणारा मागचे पान उलटू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते; म्हणून आता दोनच साले ठेवली आहेत. जयंतीला तर सालाची गरजच भासत नाही, कारण ‘उद्या मालकांचा वाढदिवस’ एवढे पडदेवाला म्हणाला की श्रोत्यांना सारे कळते.

या महिन्यात सर्वांत अधिक वेळ ‘संयुक्त मानापमान’च्या प्रसंगाने घेतला. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळ्यांनी एकत्र येऊन १९२१ च्या जुलैत मुंबईत केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या त्या प्रयोगात केशवराव धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. माझ्या पडदेवाल्याने तो प्रयोग पाहिलेला असणे शक्य नाही, त्याने तो आजोबांकडून ऐकला आहे, आणि तरीही तो डोळ्यांसमोर घडल्यासारखा सांगतो. प्रारंभी मी ‘आजोबा सांगत असत’ हे शब्द प्रत्येक वाक्याला जोडत होते, त्यामुळे प्रसंग दूर जात होता. आता ते एकदाच येतात. पुढे ‘मी विंगेतच हुतो की वो’ असे तो कोल्हापुरी बोलीत म्हणतो, आणि ऐकीव आठवण त्याची स्वतःची होऊन जाते. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, हा माझा निर्णय येथे प्रथमच सार्थ वाटला.

रंकाळ्याच्या काठाने चालताना मी रोज संपूर्ण कथा म्हणते आणि घरी परतल्यावर मोबाइलवरील ध्वनिमुद्रण ऐकते. सत्तावीस मिनिटांची कथा एकोणीस मिनिटांवर आली आहे. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे शब्द जवळजवळ सगळे गळले, कारण आवाजातील बदलानेच बोलणारा ओळखू येतो.

आगीचे वर्णन अजून जमलेले नाही. विशेषणे काढली तर प्रसंग कोरडा होतो, ठेवली तर माझा आवाज चढतो. सध्या मी ज्वाळांचा उल्लेखच न करता, नाट्यगृहाला लागून असलेल्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभा राहून पडद्यांची नावे एकेक करून घेणारा म्हातारा तेवढा ठेवला आहे. येत्या रविवारी मैत्रिणीच्या वाड्याच्या सोप्यात आठ जणांसमोर ही कथा सांगेन, तेव्हा नावे घेताना किती थांबायचे ते ठरवता येईल.