कापलेलं अर्धं वाक्य

१३ जून २०१९, गुरुवार. टोरांटोत त्या दिवशी आइस हॉकीबद्दल बोलायला कोणाला सवड नव्हती. रात्री नऊला रॅप्टर्सचा, शहराच्या बास्केटबॉल संघाचा, अंतिम फेरीतला सहावा सामना होता, तोही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, ओकलंडला. जिंकले तर शहराचं पहिलंवहिलं एनबीए विजेतेपद. आमच्या क्रीडा विभागात सकाळी दहालाच प्रत्येक पानाचे दोन-दोन आराखडे लावून झाले होते, एक जिंकल्याचा आणि एक हरल्याचा. मी मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर आदल्या सप्टेंबरची हॉकीची फाइल उघडून बसले होते.

आदल्या रात्री बॉस्टनमध्ये सेंट लुईस ब्लूजने बॉस्टन ब्रुइन्सला ४-१ असं हरवून स्टॅनली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचं, एनएचएलचं, विजेतेपद जिंकलं होतं. १९६७ साली सुरू झालेल्या त्या क्लबचा हा पहिला कप.

मी या वर्तमानपत्रात आकडेवारीचं काम करते. एनएचएलचा हंगाम तेव्हा ऑक्टोबरात सुरू व्हायचा. त्याआधी, दर सप्टेंबरला, मी विभागातल्या नऊ जणांकडून एक फॉर्म भरून घेते. तेव्हाच्या ३१ पैकी कुठले १६ संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना, जातील, कप कोण नेणार आणि का, तेही एका ओळीत. जानेवारीच्या सुरुवातीला एकदा उजळणी होते, हवं त्याने मत बदलावं. कपचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचा हिशेब मांडते. हे जूनचं पान मी हट्टाने मागून घेतलं होतं. सप्टेंबरात आपण छातीठोकपणे काहीतरी छापतो, लोक ते कापून फ्रिजवर लावतात, ऑफिसात त्यावर पैजा लावतात. मग जूनमध्ये आपण गप्प बसायचं, हे मला पटत नाही. मी कोल्हापूरची. तिथल्या क्रीडा पानावर मी चार वर्षं काढली आहेत. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम सुरू होण्याआधी आमच्याकडे भाकीत छापायची पद्धतच नव्हती. तालमीच्या संघावरची निष्ठा आकड्यांत मांडणं तिथे कोणाला शोभलं नसतं. इकडे आल्यावर भाकितांची ही रीत दिसली आणि मला ती मनापासून आवडली, पण हिशेबासकट.

आधी १६ संघांचा हिशेब केला. नऊ जणांत सर्वांत चांगला निकाल १३ बरोबर. एक जण १२. बाकीचे ११ किंवा त्याखाली. ऐकायला हे वाईट वाटत नाही. पण मी दरवर्षी एक दहावा, काल्पनिक भविष्यवेत्ता धरते. तो काहीच डोकं चालवत नाही, फक्त गेल्या वर्षीचे १६ संघ जसेच्या तसे उतरवून देतो. त्या वर्षी त्याचे ११ बरोबर आले. म्हणजे उन्हाळाभर खेळाडूंच्या बदल्या, करार, सराव शिबिरं यांचा अभ्यास केलेल्या नऊ जणांपैकी फक्त दोघे त्या कॉपीबहाद्दराच्या पुढे गेले. ही ओळ पानावर वर, ठळक यायला हवी असं मी ठरवलं.

मग चुका. न्यूयॉर्क आयलंडर्स नऊच्या नऊ जणांनी बाहेर ठेवले होते. त्याला कारणही होतं. १ जुलै २०१८ ला त्यांचा कर्णधार जॉन टॅव्हारेस त्यांना सोडून आमच्याच शहरात, मेपल लीफ्सकडे आला होता आणि त्याआधीच्या हंगामात लीगमध्ये सर्वांत जास्त गोल खाणारा संघ हाच होता. कर्णधार गेला हे सगळ्यांनी लिहिलं. वॉशिंग्टनला कप जिंकून देऊन नुकताच बाहेर पडलेला बॅरी ट्रॉट्झ त्यांचा प्रशिक्षक झालाय, हे फक्त एकाने, तेही कंसात. आयलंडर्सनी १०३ गुण मिळवले आणि लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाल्ले. त्यांचा गोली, म्हणजे गोलरक्षक, रॉबिन लेनर हंगामाच्या तोंडावर आपल्या व्यसनाबद्दल आणि मानसिक आजाराबद्दल जाहीरपणे लिहून मैदानात उतरला होता. त्याने असा खेळ केला की त्याचं नाव निघालं की मी आजही हातातलं काम थांबवते. हे कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात बसणार होतं?

टँपा बे लाइटनिंगचं उलटं. नऊपैकी चौघांनी सप्टेंबरात त्यांना कप दिला होता, आणि ते चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ८२ सामन्यांत ६२ विजय, १२८ गुण. विजयांच्या आकड्यात त्यांनी डेट्रॉइटच्या १९९५-९६ च्या विक्रमाशी बरोबरी केली. पहिल्या फेरीत (सातपैकी चार सामने जिंकायचे) कोलंबसविरुद्ध पहिल्याच सामन्यात ३-० ने पुढे होते. तो सामना ४-३ ने घालवला आणि पुढचे तीनही हरून थेट घरी. कोलंबसने त्याआधी प्लेऑफची एकही फेरी जिंकलेली नव्हती. त्या वसंतात चारही विभागांचे विजेते पहिल्याच फेरीत गारद झाले. टँपाची निवड करणाऱ्यांचं विश्लेषण सहा महिने अचूक होतं आणि सात दिवसांत मातीमोल झालं. लीफ्सना कप देणारे दोघे होते. त्यांच्याबद्दल मी फार लिहिलं नाही. सातव्या सामन्यात बॉस्टनकडून पुन्हा हरल्याची जखम शहरात अजून ओली होती.

आणि मग नववा फॉर्म.

तो कॉपी डेस्कवरच्या, म्हणजे मजकूर तपासणाऱ्या विभागातल्या, एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा. उत्तर ऑन्टारियोतल्या खाणीच्या गावात वाढलेले, लहानपणी गोलमध्ये उभे राहिलेले, मितभाषी गृहस्थ. कप: सेंट लुईस. नऊ जणांत एकटे! मी खुर्चीतून उठलेच. सकाळी अकराच्या सुमारास संपादकांना सांगितलं तेव्हा त्यांचेही डोळे चमकले. "मथळा मिळाला," ते म्हणाले. "आमच्या माणसाने सप्टेंबरातच सांगितलं होतं. पान अर्धं झालंय, रॅप्टर्सना जागा लागणार. पण मथळा हाच."

टेबलावर परत येऊन मी छापून आलेलं सप्टेंबरचं पान काढलं. त्यांच्या नावापुढे ओळ होती: "ओरायली, शेन, बोझॅक. सेंटरला असे तिघे असलेला संघ कप नेतो." सेंटर म्हणजे मधोमध खेळणारा आघाडीपटू. नेमकं निदान. बफेलोत पराभवांनी पार पिचून गेलेला रायन ओरायली त्याच उन्हाळ्यात सेंट लुईसला आला होता, टायलर बोझॅक आमच्या लीफ्सकडून गेला होता. अंतिम फेरीत ओरायलीने शेवटच्या सलग चार सामन्यांत गोल केले आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग पडताळणीसाठी मी मूळ ईमेल उघडला. तिथे ओळ अशी होती: "ओरायली, शेन, बोझॅक. सेंटरला असे तिघे असलेला संघ कप नेतो, गोल राखला गेला तर."

स्वल्पविरामापुढचे चार शब्द मी कापले होते. रकाना अरुंद होता, वाक्य दुसऱ्या ओळीवर जात होतं. कापताना अर्थ बदलतोय असं मला वाटलंसुद्धा नव्हतं. जर-तर काढलं की भाकीत नेटकं दिसतं, एवढाच माझा विचार.

ते "गोल राखला गेला तर" हीच त्या सबंध हंगामाची कथा होती. ब्लूज पहिले तीन महिने गोलमध्येच मार खात होते. १९ नोव्हेंबरला प्रशिक्षक माइक यो यांना काढलं, क्रेग बरुबी हंगामी म्हणून आले, तरी काही फरक दिसेना. ३ जानेवारीच्या सकाळी ३४ गुणांसह ३१ संघांत शेवटचे. बरोबर त्याच दिवशी मी उजळणीसाठी या सहकाऱ्यांच्या टेबलाशी गेले होते. मला तो प्रसंग स्वच्छ आठवतो. मी तक्ता त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "तुमचा संघ तळाला आहे, वाचक हसतील. बदलता का?" त्यांनी चष्मा वर सारला, तक्ता पाहिला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग सेंट लुईसवर एक सरळ रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, टँपा.

चार दिवसांनी, ७ जानेवारीला, फिलाडेल्फियात ब्लूजने पंचवीस वर्षांच्या जॉर्डन बिनिंग्टनला पहिल्यांदाच सुरुवातीपासून गोलमध्ये उभं केलं. त्याने एकही गोल होऊ दिला नाही, ३-०. पुढे त्याने नियमित हंगामात २४ सामने जिंकले. तळातला संघ ९९ गुणांवर गेला. १२ जूनच्या निर्णायक सामन्यात पहिल्या वीस मिनिटांत बॉस्टनचे गोलवर १२ फटके आणि सेंट लुईसचे अवघे ४. तरी फलक २-० असा, ब्लूजच्या बाजूने. ते बारा फटके एकट्या माणसाने अडवले होते. त्याच्या आदल्या हंगामात तो प्रॉव्हिडन्सला खेळत होता, म्हणजे बॉस्टनच्याच दुय्यम संघात, उसना दिलेला.

मी सप्टेंबरच्या फाइलमध्ये त्याचं नाव शोधलं. नऊ फॉर्म, प्रत्येकाच्या टिपणांसकट तेरा पानं. शून्य. जानेवारीच्या फाइलमध्ये शोधलं, शून्य. स्पेलिंग बदलून पाहिलं, नुसत्या पहिल्या चार अक्षरांवरून शोधलं. हा मुलगा रिचमंड हिलचा, आमच्या ऑफिसपासून गाडीने तास-अर्ध्या तासावर. आणि आमच्या एकाही माणसाच्या टिपणात तो नव्हता.

दुपारी दोनला मी संपादकांकडे परत गेले. म्हटलं, मथळा असा देता येणार नाही. सप्टेंबरचं छापायचं तर जानेवारीची रेघही छापायला हवी. ते वैतागले. दिवसच तसा होता, त्यांच्या हातात दोन फोन होते. "लोकांना आज आनंदाची बातमी हवीय," ते म्हणाले. "एक माणूस बरोबर होता, त्याला बरोबर राहू दे." त्यांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटलं नाही. पण मग हा हिशेब कशाला मांडायचा? मी म्हटलं, ज्यांचं नाव छापणार त्यांना तरी विचारू.

आम्ही दोघं कॉपी डेस्कवर गेलो. मी तिन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले, मूळ ईमेल, छापलेली ओळ आणि जानेवारीची रेघ. कापलेल्या शब्दांबद्दल त्यांची माफी मागितली. ती मला फार दिवसांपासून मागायची असल्यासारखी वाटली, खरं तर मला त्या शब्दांची आठवण तीन तासांपूर्वीच झाली होती.

त्यांनी कागद सावकाश वाचले. "मी सप्टेंबरात ॲलनचा विचार करत होतो," ते म्हणाले. जेक ॲलन, तेव्हाचा मुख्य गोली. "तो सावरेल असं वाटत होतं. हा मुलगा मला माहीतही नव्हता. म्हणजे कप बरोबर आला, पण माझ्या मनातला माणूस वेगळाच होता." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू मला बदलायला लावलं नाहीस. तू विचारलंस. रेघ माझी आहे. दोन्ही छाप. आणि ते चार शब्द परत घाल."

संपादक क्षणभर उभे राहिले आणि "ठीक आहे, पण जागा वाढणार नाही" असं म्हणून निघून गेले.

अर्ध्या पानात हे सगळं बसवायला मला सहा वाजले. टँपाच्या विजयांचा आलेख काढून टाकला, जीव तुटला, कारण त्यावर दोन दिवस घालवले होते. त्या जागी त्यांची सप्टेंबरची ओळ पूर्ण घातली, "गोल राखला गेला तर" सकट, आणि खाली जानेवारीची रेघ ओढलेला कागद स्कॅन करून. तळाला एक छोटी चौकट: आमच्या दोन्ही वेळच्या भाकितांत जॉर्डन बिनिंग्टन हे नाव, ० वेळा. मथळा बदलून "अकराच्या पुढे फक्त दोघे" असा झाला.

आठ वाजून दहा मिनिटांनी पान सोडलं. नऊला सगळे टीव्हीपुढे गोळा झाले. रॅप्टर्स ११४-११० ने जिंकले आणि खालच्या रस्त्यावरून जो आवाज उठला तो बाराव्या मजल्याच्या बंद काचांतून आत आला. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. कॉपी डेस्कवरचे ते गृहस्थ मात्र आमच्या पानाचा प्रूफ हातात धरून खिडकीशी उभे होते. त्यांनी मला बोलावलं आणि तक्त्यातल्या एका नावावर पेन्सिल टेकवली. "शेनच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर राहिलंय," ते म्हणाले. मी धावत जाऊन पान परत मागवलं.