गोळी रोज घेतो, तरी टेस्टमध्ये दिसत नाही

माझ्या धाकट्या भावाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार; त्यावर मिथाइलफेनिडेटची गोळी चालू आहे, रोज सकाळी मीच हातात गोळी देते. परवा खानापूरहून बेळगावला गेलो तर लघवीची टेस्ट केली, अ‍ॅम्फेटामाइन (एक उत्तेजक औषध) शोधणारी पट्टी निगेटिव्ह, म्हणजे पोरगं गोळी घेतच नाही असं धरून लगेच डॉक्टरांचा प्रश्न, गोळ्या विकतोस काय रे? पोरगं रडलं बघा, मला पण लई वाईट वाटलं. अहो, ही गोळी त्या साध्या पट्टीत सहसा दिसतच नाही! शरीरात तिचं रिटालिनिक अ‍ॅसिड होऊन लघवीतनं जातं, त्याची टेस्ट वेगळी सांगावी लागते. उलट सर्दीच्या स्यूडोएफेड्रिननं पट्टी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तपासा की, आमची ना नाही, पण आधी पट्टी काय मोजते ते बघा. आता दुसऱ्या लॅबला सॅम्पल दिलंय, रिपोर्ट यायचाय.