पंखे बंद करून

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात टेबल टेनिसचं पहिलं टेबल आलं ते देवळाच्या मंडपात. शाळेत जागा नव्हती. मी तेव्हा नवीनच शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून लागले होते. देवस्थानच्या मंडळींना विचारलं, तर ते म्हणाले, जत्रा, भजनी सप्ताह आणि नाटकाचे दिवस सोडून कधीही खेळा. त्याच मंडपात लग्नं लागायची, जेवणावळी उठायच्या, गणपतीनंतर नाटकाची तालीम चालायची. नाटकवाल्यांची मंडळी यायला लागली की आम्ही टेबल दुमडून भिंतीला लावायचो. त्यांची पहिल्या अंकाची तालीम बघत मुलं तिथेच घाम पुसत बसायची.

खेळताना पंखे बंद ठेवावे लागत, कारण चेंडूचं वजन जेमतेम 2.7 ग्रॅम. वरून पंखा फिरत असेल तर सर्व्हिस करताना वर टाकलेला चेंडू हातावर यायच्या आधीच सरकतो. मे महिन्यात बंद पंख्यांखाली खेळायचं म्हणजे काय, ते आमच्या मुलांना विचारा. तेव्हा चेंडू सेल्युलॉइडचे असत. सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूर घालतात, त्यामुळे चेंडू फुटला की कापराचा वास सुटायचा. देवळात कापराचा वास कोणाला नवा? पण एकदा एका छोट्या मुलीने फुटलेला चेंडू नाकाशी धरून विचारलं, "टीचर, ह्यांनी आरती केली काय?" ती आज दोन मुलांची आई आहे, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

हे सगळं आठवलं ते ताळगावच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियममुळे. 2023च्या मार्चच्या सुरुवातीला तिथे डब्ल्यूटीटी स्टार कंटेंडर ही आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस स्पर्धा चालू होती. परीक्षा तोंडावर होत्या, तरी पालकांना विनवण्या करून मी सहा मुलांना घेऊन गेले. फोंड्याहून कदंबने पणजी, तिथे बस बदलून विद्यापीठाच्या पठारावर. डब्यात पाव-भाजी, पिशवीत प्रत्येकाची स्वतःची बॅट. बॅटीचं तिथे काहीच काम नव्हतं, पण एकानेही ती घरी ठेवली नाही.

आत शिरल्यावर आमच्यातली सर्वांत लहान मुलगी जागच्या जागी थांबली आणि हळूच म्हणाली, "टीचर, हांगा वारें ना." बरोबर बोलली. एसी चालू होता, हवा गार होती, पण टेबलाशी झुळूक म्हणून जाणवत नव्हती. आयुष्यभर पंख्यांच्या बटणाशी भांडलेल्या माझ्यासारखीला एवढंच बघायला ताळगावपर्यंत गेल्याचं सार्थक झालं. बॅडमिंटनवाले तर याबाबतीत आमच्याहून हळवे. त्यांचं फूल जास्तीत जास्त साडेपाच ग्रॅमचं. एका बाजूने हवा वाहत असेल तर एका टोकाकडून मारलेलं फूल बाहेर जातं आणि दुसऱ्या टोकाकडून तितक्याच जोराने मारलेलं आत पडतं.

आम्ही वर बसलो होतो. सामना सुरू होण्याआधी पंचांनी जाळीजवळ वाकून छोट्या मापाने तिची उंची तपासली. 15.25 सेंटिमीटर. मी मुलांना शाळेत फूटपट्टीने हेच करायला लावते तेव्हा ती कंटाळतात. त्या दिवशी सहाही जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मोठ्या स्पर्धेत टेबलावर भरपूर उजेड असावा लागतो. तो कसा असतो तेही तिथेच कळलं. टेबलावर सावली अशी पडतच नव्हती. आमच्या मंडपात एका बाजूच्या खेळाडूला स्वतःच्याच सावलीत चेंडू शोधावा लागतो. नाणेफेक जिंकणारा त्यामुळे कधी सर्व्हिस मागत नाही, बाजू मागतो.

हे स्टेडियम उभं राहिलं ते जानेवारी 2014च्या लुसोफोनिया खेळांच्या निमित्ताने. पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांचे ते खेळ, आधी मकाव आणि लिस्बनला झालेले. नावेलीचं इनडोअर स्टेडियमही त्याच खेळांसाठी बांधलेलं, ज्याला आता मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. त्याच वर्षी सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला, म्हणून ते साल माझ्या पक्कं लक्षात आहे.

त्यानंतर ताळगावच्या त्या छपराखाली काय काय झालं नाही! इफ्फी या चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन झालं. 28 मार्च 2022ला मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, पंतप्रधान आले होते. कोविडच्या दिवसांत तिथे रुग्णांच्या खाटा लागल्या होत्या. कोणी म्हणतं, खेळाच्या जागेत हे कशाला? मला तसं वाटत नाही. मोठं छप्पर गावाच्या अडीनडीला उपयोगी पडलंच पाहिजे, आमचा मंडप पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलाय. खाटा लावायची वेळ आली तेव्हा अशी जागा तयार होती हे आपलं नशीब म्हणायचं.

माझं दुखणं वेगळं आहे. काही वर्षांपूर्वी एका इनडोअर हॉलमध्ये (कुठला ते लिहीत नाही) आमची तालुका पातळीची स्पर्धा ठरली होती. आदल्या संध्याकाळी निरोप आला की हॉल एका कार्यक्रमाला दिलाय, तुम्ही पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेलो तर लाकडी जमिनीवर खुर्च्यांच्या पायांचे ओरखडे, चिकटपट्टीचा डिंक तसाच. असल्या जमिनीखाली लाकडी पट्ट्या आणि रबर बसवून थोडी पोकळी ठेवलेली असते, म्हणजे उडी मारून खाली येणाऱ्याच्या गुडघ्याला धक्का कमी बसतो. तिच्यावर आधी प्लाय आणि सतरंजी अंथरायला हवी, मग खुर्च्या. मंडप भाड्याने देणारा माणूससुद्धा शेणाने सारवलेल्या जमिनीवर खांब रोवताना विचारतो. तिथे कोणी विचारलं नव्हतं. एक मुलगा त्या डिंकाला बूट अडकून पडला, मनगट मुरगळलं, आणि वर्षभर ज्या स्पर्धेसाठी तो तयारी करत होता ती त्याने बाहेर बसून पाहिली. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत मैदानं चिखलाची होतात. आमच्या माशेलला त्याच चिखलात चिखलकाला खेळतात, तो आनंद वेगळा, पण चिखलकाला वर्षातून एकदा. बाकीचे दिवस मुलांनी खेळायचं कुठे? नेमक्या याच महिन्यांत छपराखालची जागा मुलांच्या कामाची असते. उलट पावसाळ्यात हॉल बंद ठेवला की दमट हवेने लाकूड फुगतं, कोपऱ्यात बुरशी धरते. कुलूप लावून ते जपलं जात नाही. रोज दारं उघडून, फरशी कोरडी पुसून, त्यावर मुलं धावली तरच ते चांगलं राहतं.

2023च्या राष्ट्रीय खेळांत आपल्या गोव्याने 27 सुवर्णांसह 92 पदकं मिळवली. यादी वाचताना माझे डोळे भरून आले होते. त्या मुलांनी सराव केला तो साध्या, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या दिवशी. मला तेच दिवस हवे आहेत, आठवड्यातून दोन संध्याकाळी, पाच ते सात.

तालुक्याजवळच्या हॉलसाठी मी अर्ज दिलाय. दोनदा जाऊन आले. साहेब चांगले बोलले, "बघूया" म्हणाले. मंगळवारी पुन्हा जाणार आहे. टेबल आमचं आम्ही टेम्पोने आणू, जाळी आमची, चेंडू आमचे, खेळून झाल्यावर जमीन आम्हीच पुसू. फक्त दिवे लावून द्या, आणि पंखे बंद ठेवा.