नवतपातली रोहिणी

नागपुरात मे निम्मा सरला की लोक तारखांऐवजी नक्षत्रांत बोलायला लागतात. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो, नवतपा लागतो, आणि पुढचे नऊ दिवस दुपारी सीताबर्डीला कामाशिवाय कुणी पाय ठेवत नाही. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, घरात वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास. एवढं होरपळूनही सगळ्यांचं म्हणणं एकच, नवतपा तपलाच पाहिजे. आमच्या शेजारच्या काकाजींची काटोलकडे शेती आहे. या दिवसांत आभाळात ढग दिसला की ते चिडतात. "नवतपा तपला नाही तं पाऊस दगा देते, लिहून ठेव."

या उन्हात रोहिणीचा काडीचाही हात नाही. ती ६५ प्रकाशवर्षं लांब. शिवाय ज्या दिवसांत आपण तिच्या नावानं खडे फोडतो, त्याच दिवसांत ती दिसत नाही, कारण सूर्य तिच्याच रोखानं उभा असतो. तिला गाठायचं तर डिसेंबरात. अधिवेशनासाठी सगळं सरकार नागपुरात उतरलेलं असतं, मोर्च्यांपायी रस्ते बंद असतात; बाहेर जायची सोय नसतेच, तेव्हा संध्याकाळी स्वेटर चढवून गच्चीवर जावं आणि पूर्वेला बघावं. ठळक नारिंगी तारा (हा रंग नागपूरकराला समजावायला नको) ती रोहिणी. हा रंग म्हातारपणाचा आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपला, बाहेरचा भाग फुगला, फुगता फुगता निवला. आता ती सूर्याच्या चाळीस-पंचेचाळीसपट रुंद झाली आहे.

शेतकऱ्याच्या तोंडी असलेली ही नक्षत्रं मला म्हणूनच गमतीची वाटतात. मे ते जुलै सूर्य कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा असा जातो. यात ताऱ्याचं अख्खं आयुष्य आलं, फक्त क्रम उलटसुलट. कृत्तिका कोवळ्या, सूर्याच्या ४६० कोटी वर्षांपुढे जेमतेम दहा कोटींच्या. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली एक धुरकट ठिपका दिसतो. तो वायू आणि धुळीचा ढग १३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि तिथे आजही तारे जन्मताहेत. ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच वजनानं आकसतो, आत तापत जातो; गाभा कोटीभर अंशांच्या घरात पोचला की हायड्रोजनचा हेलियम व्हायला लागतो. वजन आत दाबतं, उष्णता बाहेर रेटते. हे जमलेलं आहे तोवर तारा टिकतो.

किती टिकतो, हे मात्र कूलरसारखं आहे. हॉलमधल्या मोठ्या कूलरची टाकी मोठी, म्हणून तो रात्रभर चालेल असं वाटतं; पण त्याचा पंखाही तसाच, पहाटे आधी तोच कोरडा खडखडतो. खोलीतला लहान कूलर गपगार चालू असतो. आपला सूर्य त्या लहानातला, १००० कोटी वर्षं पुरणारा. पुढे तोही रोहिणीसारखा फुगेल, बाहेरचे थर सोडून देईल आणि मागे पृथ्वीएवढा पांढरा खडा उरेल. तसला एक व्याधाच्या शेजारी आहे, १८६२ साली दुर्बिणीतून सापडलेला.

दांडग्या ताऱ्यांचं तसं नाही. हेलियम, कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं एकेक जाळत ते लोखंडापाशी येऊन अडतात. लोखंड जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्चच होते. मग गाभा क्षणात ढासळतो आणि तारा फुटतो. जगातलं लोखंड ताऱ्यांच्या अशाच निरनिराळ्या स्फोटांतून विखुरलेलं. दर एप्रिलला कूलर धुताना टाकीच्या तळाचा गंज माझ्या नखांत अडकतो, तोही तिकडचाच. त्याला दरवर्षी रंग फासावा लागतो, हे वेगळं.

आर्द्रा या दांडग्यांतली. मृगाच्या चार पायांतला तांबडा तारा, काक्षी. वय एखादं कोटी वर्ष असेल-नसेल, आणि शेवट आलाच आहे. २०१९ च्या अखेरीस तो अचानक मंदावला, तेव्हा आता फुटतोय की काय अशी चर्चा झाली. निघालं असं की त्यानं वायूचा मोठा लोट बाहेर टाकला होता आणि त्याची धूळ होऊन तीच आड आली होती. पण फुटणार हे नक्की. उद्या किंवा लाखभर वर्षांत. फुटेल तेव्हा काही महिने भर उन्हातही दिसेल.

एक बरं आहे. तारा गेला तरी पंचांगाचं काही अडत नाही. सूर्य आकाशाच्या त्या भागात आला की आर्द्रा लागली, तारा हजर आहे का याची पडताळणी कुणी करत नाही. २२ जूनच्या रकान्यात नक्षत्र राहील, पुढे पावसाचा अंदाज सांगणारं वाहनही राहील.

काकाजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी कापसाच्या बियाण्याची पिशवी खाली ठेवली, चष्मा वर सरकवला.

"वाहन बेडूक असंन न? मंग फुटू दे त्याले."