बर्फाविना, काचेविना

कर्जतजवळ उल्हास नदीच्या काठी मित्राच्या शेतावर काल तंबूत मुक्काम केला. दादरहून लोकलने निघताना पाठीवर एकही काचेची बाटली नव्हती, तरी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात बऱ्यापैकी कॉकटेल होते.

लिंबात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे पातळ चकत्या मंद आचेच्या ओव्हनमध्ये कडक वाळवल्या की त्यांचे ओझे जाणवतच नाही. मात्र त्यांतून वास आणि किंचित कडवटपणा उतरतो, ताज्या रसाची तरतरी येत नाही, म्हणून चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड पुडीत बांधून न्यावे. माझ्या मते, आपल्याकडे आमसुलाइतका सोयीचा जिन्नस दुसरा नाही. मूठभर आमसुले कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून बोटांनी कुस्करली की पाणी गडद लाल होते. ते गाळून त्यात साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळे मीठ ढवळले आणि एका भाग व्होडकाला या पाण्याचे तीन भाग घातले. बर्फ नव्हता, पण बाटलीला ओले फडके गुंडाळून ती वाऱ्यावर टांगली की बाष्पीभवनाने पुरेशी गार होते.

महाराष्ट्रात मद्यपानाला १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तो आम्ही काढलेला होता. गडकिल्ल्यांवर मात्र हा प्रकार मुळीच करू नये, याबद्दल माझे मत ठाम आहे. आमच्यातील न पिणाऱ्यांनी तेच आमसुलाचे पाणी व्होडकाशिवाय घेतले आणि खरे सांगायचे तर तेच अधिक लवकर संपले.