माझ्याच तोंडचा ‘ओन्ली’

वर्गातलं बोलणं रेकॉर्ड करून शब्दन्‌शब्द उतरवून काढणं किती चेंगट काम आहे, ते केल्याशिवाय कळत नाही. पाच मिनिटांच्या तुकड्याला तास सहज जातो. कोण खोकलं, कोण अडखळलं, कोणी कोणाचं वाक्य मध्येच तोडलं, सगळं टिपायचं. शिक्षकाला ‘शि’ म्हणायचं, विद्यार्थ्यांना वि१, वि२. गेल्या आठवड्यात रात्री प्रबंधासाठी माझ्याच इंग्रजीच्या तासाचं रेकॉर्डिंग घेऊन, हेडफोन लावून अशीच बसले होते. चौथ्या की पाचव्या मिनिटाला ‘शि’ म्हणते, “आय टोल्ड यू यस्टर्डे ओन्ली.” मागे नेऊन पुन्हा ऐकलं. ‘शि’ म्हणजे मी.

आणि त्याच दुपारी एका मुलीच्या वहीत ‘ही केम ऑन मंडे ओन्ली’भोवती मी लाल पेनाने गोल केला होता.

हा ‘ओन्ली’ आपल्या ‘च’चा सख्खा भाऊ. ‘कालच सांगितलं’ म्हणताना आपल्याला ‘फक्त काल सांगितलं, परवा नाही’ असं म्हणायचं नसतं. नुसता ‘काल’वर जोर द्यायचा असतो. इंग्लंडमधल्या इंग्रजीत ‘ओन्ली’ प्रामुख्याने ‘फक्त’चं काम करतो, जोराचं काम आवाजाच्या चढउतारावर किंवा वाक्याच्या रचनेवर सोपवलेलं असतं. वर्गात ओळखायची सोपी खूण मी अशी सांगते: ‘ओन्ली’च्या जागी ‘फक्त’ घालून बघा. अर्थ बिघडला तर तो आपला ‘ओन्ली’. क्लाउडिया लांगे या अभ्यासिकेने 2007 साली भारतीय इंग्रजीतल्या याच ‘ओन्ली’वर आणि त्याच्या जोडीच्या ‘इटसेल्फ’वर सविस्तर निबंध लिहिला आहे. मी तो वाचला होता, त्यातली उदाहरणं वहीत उतरवूनही घेतली होती. तरी ती माझ्या तोंडी सापडतील असं काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या बोलीचा अभ्यास करणाऱ्यांना हा एक आजारच असतो, स्वतःला बोली नाही असं वाटण्याचा.

पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये शिकणाऱ्यांच्या चुकांकडे बघायची एक नवी दृष्टी दिली. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: घाईत, थकव्यात होते ती, आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात तयार झालेल्या नियमातून येते ती. मराठीत पहिलीला नजरचूक म्हणता येईल. दुसरीला नुसतं ‘चूक’ म्हणून भागत नाही, कारण तिच्यामागे पद्धत असते. माझा ‘ओन्ली’ नजरचूक नक्कीच नव्हता. पुढच्या वीस मिनिटांत तो आणखी तीनदा आला, तिन्ही वेळा शब्दाच्या मागे, ‘च’च्या ठरलेल्या जागी. मग काय म्हणायचं? पंधरा वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई अजून शिकाऊच आहे?

हा वाद आमच्या क्षेत्रात जुना आहे. ब्रज कचरू या भारतीय वंशाच्या भाषाशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतलं वर्तुळ मूळ भाषकांच्या देशांचं, बाहेरचं भारत, नायजेरिया, सिंगापूरसारख्या देशांचं, आणि इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांचं सतत वाढणारं तिसरं. बाहेरच्या वर्तुळातलं इंग्रजी म्हणजे बिघडलेला माल नव्हे, त्याचे स्वतःचे नियम आहेत, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीचे ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांना हे शिक्षणाच्या दृष्टीने पटलं नाही. शिक्षकांनी मूळ भाषकांच्या भाषेशी सतत संपर्क ठेवावा, असं त्यांनी 1990 मध्ये लिहिलं आणि पुढच्याच वर्षी कचरूंनी त्याला खरमरीत उत्तर दिलं. एम.ए.ला आम्ही हा वाद क्रिकेटच्या मॅचसारखा वाचायचो. मी अर्थातच कचरूंच्या बाजूने. उत्तरपत्रिका तपासताना मात्र क्वर्कची.

भाषेचे नमुने गोळा करून मोजणी करायची परंपरा आपल्याकडेही आहे, हे इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनाही फारसं माहीत नसतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने 1978 सालातल्या छापील भारतीय इंग्रजीचे पाचशे उतारे, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे, गोळा झाले. एकूण दहा लाख शब्द. अमेरिकेतल्या ब्राउन कॉर्पसशी (कॉर्पस म्हणजे अभ्यासासाठी जमवलेला भाषेच्या नमुन्यांचा संग्रह) तुलना करता यावी म्हणून ठेवण तीच. जगभरच्या शोधनिबंधांत तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखला जातो. पण तो छापील मजकुराचा. संपादकाच्या हाताखालून आलेल्या इंग्रजीत माझा ‘ओन्ली’ कशाला राहतोय? पुढे आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारतीय इंग्रजीचा जो संग्रह झाला त्यात पाचशेपैकी तीनशे नमुने बोलण्याचे आहेत, आणि लांगेबाईंना ‘ओन्ली’ मिळाला तो तिथे.

जाता जाता ‘व्ही’बद्दल. आपण ‘वेटर’ लिहितो पण ‘व्हॅन’ लिहितो. हिंदीवाले ‘वीडियो’, आपण ‘व्हिडिओ’. इंग्रजीत ज्या दोन ध्वनींसाठी दोन अक्षरं आहेत, त्यांतला फरक मराठीने चक्क ‘ह’ लावून राखला. दात ओठाला टेकवून घासत काढायचा तो ध्वनी आपल्या ‘व’मध्ये नाही, मग वेगळेपण दाखवायला श्वास सोडायचा. अशोक केळकर यांनी मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांवर 1957 मध्येच शोधनिबंध लिहिला होता, तेव्हा हा विषय काही आजचा नाही. मी माझं ‘व्हेरी’ प्राट या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिलं. पडद्यावर ‘व्ह’च्या जागी श्वासाची धुरकट पट्टी स्पष्ट दिसत होती. इतकी वर्षं मुलांना ‘ओठ चावा, ह नको’ सांगत आले!

तर ‘ओन्ली’. रेकॉर्डिंग संपेपर्यंत मी एक केलं, प्रत्येक ‘ओन्ली’समोर तो कोणाचा ते लिहिलं. मुलांचेही होते. पण बहुतेक माझ्या ‘ओन्ली’नंतर आलेले, आणि काही तर माझंच वाक्य परत म्हणताना. हे बघून मी जरा वेळ हेडफोन काढून ठेवला. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी ऐटीत ‘मातृभाषेचा प्रभाव’ असं लिहून मोकळी झाले होते. मुलं ‘च’चं भाषांतर करतात, प्रश्न मिटला. पण ही मुलं भाषांतर करत नाहीयेत. ती ऐकलेलं इंग्रजी बोलतायत, माझं. आणि मी माझ्या शिक्षकांकडून ऐकलेलं. मराठीचा ‘च’ या साखळीच्या मुळाशी असेलही, पण माझ्या वर्गापर्यंत हा ‘ओन्ली’ इंग्रजीतूनच आला आहे. क्वर्कना ज्याची काळजी वाटत होती नेमकं तेच, आणि कचरू ज्याला परंपरा म्हणतील तेही तेच.

गाइडना सांगितलं तर ते म्हणाले, “तुमचं बोलणं डेटातून काढून टाका. संशोधक स्वतः नमुन्यात नको.” नियमाला धरून आहे. पण माझं काढलं तर मुलांच्या ‘ओन्ली’ला आगापिछाच उरत नाही, पुन्हा ‘मातृभाषेचा प्रभाव’च सिद्ध होणार. मी अजून काढलेलं नाही. ते प्रकरण मात्र नव्याने लिहायला घेतलंय.

ती वही शुक्रवारी परत दिली. गोल तसाच होता, परीक्षेतल्या लेखनात ते वाक्य चालणार नाही हे खरंच आहे. मुलीने विचारलं, “मॅडम, पण तुम्ही पण असंच बोलता ना?”

“हो,” म्हटलं, “मला पण सोमवारीच कळलं.”