पेटी कुठे मिळाली?

मी लग्नाचे फोटो काढतो. हॉलवर माझी कॅमेऱ्यांची, चाकं लावलेली पेटी गडगडत आत आली की वरपक्षातले एखादे काका हटकून विचारतात, "ही कुठे मिळाली हो?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो. मिळाली नाही, बनवून घेतली. तीही दोनदा, कारण पहिली फसली.

पहिल्या वेळी डोळ्यांपुढे साउंडवाल्यांच्या पेट्या होत्या. ९ मिमी प्लाय, कडांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांवर स्टीलच्या टोप्या. प्लाय पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आणला, कड्या-बिजागऱ्या बोहरी आळीतून. माप बघून सुतार म्हणाला, "दादा, यात कॅमेरा ठेवणार का नवरदेव?" मी हसलो. तेव्हाच हिशेब करायला हवा होता. ६० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरच्या पेटीला एक चौरस मीटरहून जास्त प्लाय लागतो, म्हणजे नुसतं लाकूडच जवळजवळ सहा किलो. वर पट्ट्या, कड्या, चाकं. आणि मग कुठे कॅमेरे. कोकणातल्या एका स्टेशनचा जिना चढताना कळलं, की चाकं सपाट जमिनीपुरती असतात, उरलेल्या वाटेवर पेटी उचलावीच लागते.

दुसरीचं माप मी कॅमेऱ्यांवरून नाही, माझ्या उजव्या हातावरून ठरवलं. ५० बाय ३५ बाय २५, प्लाय ६ मिमी. लाकूड तीन किलोच्या आत आलं.

चाकांवर मात्र पैसे आणि वेळ दोन्ही घालवले. पहिलीला फर्निचरची चार फिरती चाकं होती, कडक प्लास्टिकची. पेव्हर ब्लॉकवर ती अशी थडथडायची की लेन्सचे स्क्रू सैल होतील याची धास्ती वाटे. आता मागच्या कडेला दोनच चाकं आहेत, न वळणारी, भाच्याच्या जुन्या स्केट्सची. रबरासारख्या पॉलियुरेथेनची, आत बेअरिंग. ती अर्धी पेटीत बुडवून बसवली, म्हणजे एसटीच्या डिकीत आपटून तुटत नाहीत. ओढायचा दांडा एका फाटलेल्या ट्रॉली बॅगेचा.

आत स्पंज घालू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तो काही वर्षांत भुगा होतो आणि लेन्सला चिकटतो. मी ईव्हीए फोम घेतला, चपलांच्या सोलला वापरतात तोच. खाचे वस्तूपेक्षा दोन-तीन मिमी लहान कापायचे, म्हणजे वस्तू घट्ट धरली जाते. लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीला लावून ठेवायची नाही, धक्का बसला तर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या जोडावर येतो. एका कोपऱ्यात ओल शोषणारी निळी सिलिका जेल. ती गुलाबी झाली की तापवून पुन्हा वापरतो.

विमानात नेता का, हा पुढचा प्रश्न. नाही. केबिनमध्ये बहुधा ७ किलोच चालतात, त्यातले चारेक ही पेटीच खाईल. तिथे पाठीवरची सॅक बरी. सुट्या बॅटऱ्या तर जवळच ठेवाव्या लागतात, चेक-इनला देता येत नाहीत.

झाकणाला आतून दोन आडव्या पट्ट्या मारल्यात, ग्रुप फोटोला मी तिच्यावरच उभा राहतो. पहिली पेटी घरी आहे. आईने त्यात आकाशकंदील आणि माळा ठेवल्यात. चाकं आहेत म्हणून झाडताना सरकवता येते, असं ती म्हणते.